छातीची वाढ वेगळी झाली तर

आजचा विषय असा आहे, की मुली तो आईशीसुद्धा बोलत नाहीत. वयात येताना काही जणींची एक छाती लहान राहते, किंवा दोन्ही स्तन गोल न होता नळीसारखे लांबट वाढतात. मग ओढणी सुटत नाही, पोहणं बंद होतं. आईच्या लक्षात आलंच तर ती म्हणते, "लग्न झालं, मूल झालं की होईल नीट." तसं होत नाही. हा जन्मजात दोष असतो आणि त्याला नाव आहे. दोन प्रकार सांगते.

पहिला, ट्युबरस ब्रेस्ट. रीस आणि ॲस्टन या सर्जननी १९७६ मध्ये त्याचं वर्णन केलं. स्तनाच्या बुडाशी एक घट्ट कडं असतं. त्यामुळे वाढ खाली आणि बाजूंना पसरत नाही, ती स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागात शिरते. तो भाग मोठा, फुगीर दिसतो.

दुसरा, पोलंड सिंड्रोम. याचा त्या देशाशी संबंध नाही. आल्फ्रेड पोलंड यांनी १८४१ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदनात पाहिलेल्या दोषाची नोंद केली, त्यांचं हे नाव. यात एका बाजूचा छातीचा मोठा स्नायू पूर्ण किंवा अर्धवट नसतो, बहुधा उजवीकडचा. त्या बाजूचा स्तन लहान राहतो किंवा वाढतच नाही. कधी त्याच हाताची बोटं आखूड, जुळलेली असतात.

यात मुलीची चूक नाही, आईचीही नाही. मलमांनी, मालिशीने आकार बदलत नाही.

ऑपरेशनमध्ये काय करतात? ट्युबरसमध्ये घट्ट कडं आतून छेद देऊन सैल करतात, काळसर भाग लहान करतात, आणि गरजेप्रमाणे सिलिकॉनचं इम्प्लांट किंवा पोटा-मांडीची चरबी भरतात. पोलंडमध्ये कधी पाठीचा स्नायू पुढे आणतात.

घाई मात्र नको. तेराव्या-चौदाव्या वर्षी दोन्ही बाजूंत थोडा फरक असतोच, पुष्कळदा तो कमी होतो. वाढ थांबेपर्यंत, साधारण अठरा वर्षांपर्यंत थांबावं. तोवर ब्रामध्ये पॅड घालता येतं.

आता न आवडणाऱ्या गोष्टी. व्रण राहतो. इम्प्लांट जन्मभर टिकेलच असं नाही, पुढे बदलावं लागू शकतं. भरलेली चरबी थोडी विरघळते, पुन्हा भरावी लागते. ट्युबरसमध्ये दूधग्रंथी कमी असू शकतात, म्हणून ऑपरेशन न करताही दूध कमी येऊ शकतं. ऑपरेशनचाही त्यावर परिणाम होऊ शकतो. हे आधीच विचारा.

"हे फॅशनचं ऑपरेशन" असं कुणी म्हटलं, तर सांगा: जीएसटीच्या २०१७ च्या अधिसूचनेत कॉस्मेटिक सर्जरी आरोग्यसेवेत धरलेली नाही, पण जन्मजात दोष दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया धरली आहे. म्हणून डॉक्टरांकडून निदान लेखी घ्या, त्यात 'जन्मजात' हा शब्द असू द्या. विमा कंपनीलाही आधी लेखी विचारा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, तेही पाहा.

ट्युबरस ब्रेस्टमुळे जिवाला धोका नसतो. ऑपरेशन नको वाटलं, तर तेही बरोबरच. स्थळं बघायला लागलो म्हणून मुलीला टेबलावर नेऊ नका. आणि तिला हवं असेल, तर लोक काय म्हणतील म्हणून अडवूही नका. आयांनो, आधी तिचं ऐकून घ्या.