तीन दशांश स्थळांपुढचं हवामान



गणिताच्या पेपरात 'उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत काढा' अशी सूचना असायची. आज त्या तीन स्थळांच्या पुढे काय असतं, ते सांगते. (आयोजकांनी 'तुझ्या कामाविषयी बोल' असं म्हटलं होतं, माझ्या कामातलं ऐकण्यासारखं एवढंच.)

१९६१ साली एमआयटीतल्या एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावरचं हवामानाचं गणित मधूनच पुन्हा सुरू केलं. यंत्रात आकडा होता ०.५०६१२७. त्यांनी छापील कागदावरून ०.५०६ भरला. हळूहळू नवं उत्तर जुन्याला ओळखही देईना.

पुढे अमेरिकेतल्याच एनसीएआर या संशोधन केंद्राने हे मुद्दाम केलं. मॉडेल तेच, हवेत सोडलेले वायू तेवढेच. फक्त १९२० च्या सुरुवातीला तापमानात एका अंशाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी फरक करायचा आणि गणित ३० वेळा चालवायचं. क्लारा डेसर आणि सहकाऱ्यांनी त्यातून १९६३ ते २०१२ या काळातल्या उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्याचे ३० नकाशे शेजारी शेजारी मांडले. एखादा प्रदेश एका नकाशात चांगलाच तापलेला, तर दुसऱ्यात तोच किंचित गारठलेला! सरासरी काढली की मात्र सगळा खंड तापलेला दिसतो. निसर्गाचे स्वतःचे चढउतार एकमेकांना खोडतात आणि आपल्या वायूंचा परिणाम उरतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असा एकच गुळगुळीत नकाशा दाखवायला आवडतो. मला तो अपुरा वाटतो. लोकांच्या वाट्याला सरासरी येत नाही, तिसांतल्या एखाद्यासारखं काहीतरी येतं. फक्त सरासरी पाहिलेल्या माणसाच्या गावात ओळीने थंड हिवाळे आले, की तो म्हणणार, शास्त्रज्ञ खोटं बोलले. आणि संगणक कितीही वेगवान आणला तरी ही अनिश्चितता जात नाही. म्हणून सरासरीशेजारी दोन्ही टोकांचे नकाशे छापावेत, त्याच आकारात.

मघाशी चहाच्या वेळी आपल्या एका शेतकरी मित्राने विचारलं, "तीस वर्षांत आपल्याकडे पाऊस वाढणार की घटणार? एका शब्दात सांग की गं." एका शब्दात नाही सांगणार. तापमान वाढणार, हे ठाम. पण पावसात निसर्गाचे चढउतार मोठे असतात, आणि एका तालुक्यापुरतं पाहिलं तर आणखीच मोठे. त्याने शेततळ्याचा आकार कोरड्या टोकाकडे बघून ठरवावा, आणि सांडवा ओल्या टोकाकडे बघून.