लामा आणि त्याचा लहान धनी

लामा व अल्पाका हे दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावरचे, उंटाच्या कुळांतले प्राणी. एक ओझ्याचा, दुसरा लोंकरीचा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, १९०२ सालीं ओहायोंत मूळ धरलेल्या ‘फोर-एच’ मंडळांतील मुलें ते आज वाढवितात व शेतकी जत्रेंतील स्पर्धांत उतरवितात. एका स्पर्धेंत परीक्षक जनावराची लोंकर वा बांधा पाहत नाहीं. मुलाची हाताळणी पाहतो. दुसरींत पूल व अडथळे ओलांडावयाचे असतात. लामास बळजबरी खपत नाहीं. ओझें जड झालें तर तो खालीं बसतो, चिडल्यास थुंकतो. म्हणून रिंगणांत दोरी ताणावी लागली, कीं घरची कसूर उघडी पडते. रोजच्या चाऱ्यापाण्यानें, धीरानें विश्वास जोडलेला असेल, तरच तो सैल दोरीनें मागें येतो. परीक्षा लामाची दिसते. ती मुलाचीच होय!