वर्धेचा माणूस, मालवणचा राखणदार



मला ‘प्रवासावर पाच मिनिटं बोल’ असं सांगितलंय. बोलतो, पण मध्येच प्रवास सुटेल, तेवढं सांभाळून घ्या.

सर, आठवीत तुम्ही फळ्यावर कोकण किनारा काढायचे. मालवणजवळ खडू मुद्दाम वाकडातिकडा फिरायचा. आम्ही हसलो की म्हणायचे, ‘‘हात थरथरत नाही माझा, तिथे खडक आहेत.’’ आपल्याला पाणी म्हणजे पवनारची धाम, फार झालं तर बोर धरण. तुमचा खडू बरोबर होता हे मी बासष्टाव्या वर्षी पाहिलं. होडी निघाली तेव्हा मी फळी घट्ट धरून बसलो होतो, आणि नावाडी मात्र पाण्याखालचे खडक गप्पा मारत चुकवत होता.

समोर कुरटे बेट. त्यावर शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं आणि 1667 मध्ये किल्ला उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसं ओतलं आहे. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. पण मी रेंगाळलो विहिरींपाशी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारा समुद्र आणि तिन्हींचं पाणी गोड! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

संध्याकाळी घरमालक काका गावच्या सीमेवर राखणदाराकडे घेऊन गेले. राखणदार म्हणजे भूत नव्हे. गाव राखणारी शक्ती. रात्री तो फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो अशी तिथली श्रद्धा. त्याला नारळ देतात, विडी देतात, दारूही देतात. काकांनी बाटली माझ्याच हातात दिली.

आता सुटला प्रवास. मी पीत होतो हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. आपला जिल्हा दारूबंदीचा, पण मला कधी कमी पडली नाही. सोडून सहा वर्षं झाली. सहा वर्षांत बाटली हातात घेतली नव्हती. बूच उघडलेलं होतं, वास येत होता. मी काकांना म्हटलं, ‘‘काका, ही तुम्हीच धरा. मला जमणार नाही.’’

त्यांनी काही विचारलं नाही. बाटली घेतली, मला नारळ दिला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आधी गावाचं, मग मासळीचं, मग होड्यांचं. शेवटी माझं : ‘‘बा देवा म्हाराजा, ह्यो लांबून इलो हा. ह्येची सुटलेली सवय परत लागाक देव नको, रे म्हाराजा!’’ मागची पाच-सहा अनोळखी माणसं एका सुरात म्हणाली, ‘‘होय म्हाराजा!’’

देवाधर्मातलं मला फारसं कळत नाही. पण माझ्यासाठी इतकी माणसं एकदम ‘होय’ म्हणाली, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी नारळ धरून रडलो.

त्या काळात ज्यांच्याकडून उसने घेऊन मी परत दिले नाहीत, त्यांतले दोघं समोर बसले आहेत. नावं घेत नाही. गड्यांनो, जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. पाकिटं आणली आहेत.