आठ फुटांची शीट



संयोजकांनी मला ‘एआय आणि नोकऱ्या’ यावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर बोलू शकतील असे इथे निदान दहा जण बसलेत, म्हणून मी होडीबद्दल बोलते. दिवाळीनंतर माझी तेरा वर्षांची मुलगी आणि मी, अंधेरीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शिडाची एक लहान होडी बांधायला घेणार आहोत. कोणती बांधायची, हे ठरवण्यातच सहा महिने गेले.

‘इंजिनिअर आहेस ना, मग आराखडा तूच कर की,’ असं घरात सुचवून झालं. मी नाही म्हटलं. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. आराखडा मात्र व्हॅन डी स्टाट या डच संस्थेचा तयार घेतलेला. तयार आराखडा तिथे चालतो, तर आमच्या पार्किंगमध्ये का नाही?

पहिली उमेदवार ऑप्टिमिस्ट. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडात मुलांसाठी काढलेली. प्लायवुडची शीट आठ फुटी, म्हणून होडी आठ फुटांच्या आत. नाक कापल्यासारखं चपटं. दिसायला साबणाची पेटीच, पण त्यामुळे तेवढ्याच लांबीत जागा जास्त मिळते. आपल्याकडेही शीट ८ बाय ४ चीच येते. आपण ओट्याखाली लावतो तो आय.एस. ७१० चा मरीन प्लाय मुळात होडीसाठीचा, हे आमच्या मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

दुसरी मिरर. १९६२ मध्ये जॅक हॉल्ट आणि बॅरी बकनेल यांनी केलेली, एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या नावाची. लांबी दहा फूट दहा इंच, म्हणजे शीट जोडावी लागते. पण हिच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाचायच्या आणि सांध्यांवर फायबरची पट्टी व रेझिन लावायचं. सुतारकामापेक्षा शिवणकाम जास्त. बाई, तुमच्या कार्यानुभवाच्या तासाचा पहिला उपयोग! आपल्या समुद्रात जहाजं काथ्याने शिवतच असत. तसंच शिवलेलं ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये नौदलात दाखलही झालं. मिररची डोलकाठी आखूड, सगळा लाकूडसांगाडा होडीतच मावतो. शीड मूळचं लाल. मुलीचं मत तिथेच पडलं.

मला मध्येच मोह झाला तो मोठ्या बोटीबरोबर नेतात तशा वल्ह्याच्या होडीचा. जोशुआ स्लोकम १८९५ मध्ये एकटा जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा डेकवर अख्खी डोरी मावेना. त्याने ती अर्धी कापून कापलेल्या बाजूला फळ्या ठोकल्या. पुढे त्याच अर्ध्या होडीत तो कपडे धूत असे आणि अंघोळही करत असे. अशा माणसाचा मला फार हेवा वाटतो. पण त्याच्याकडे मोठी बोट होती, आमच्याकडे पार्किंग आहे.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा वर्सोव्याला जरूर जा. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, एरवी पाण्याखाली असलेला तळ नीट पाहता येतो. त्या निमुळत्या नाळी लाट कापण्यासाठी आहेत. चपट्या नाकाची होडी लाटेवर थपडा खाते, म्हणून आमची शांत पाण्यातच जाईल, लाइफ जॅकेट घालून आणि आधी रीतसर शिकून. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो, तेव्हा ती उचलायचीही आम्हीच. मिररचा सांगाडा सुमारे ४५ किलो, दोघींना जमेल. ऑप्टिमिस्ट ३५ च किलोची. शहाणपणाने पाहिलं तर तीच स्वस्त, हलकी, सोपी.

पण ऑप्टिमिस्ट एकट्या मुलाची होडी आहे, आणि तिच्या शर्यती पंधराव्या वर्षापर्यंतच. म्हणजे मुलीला दोन वर्षं, आणि मी काठावर, हातात टॉवेल घेऊन. दहावीनंतर ती कुठे जाईल कोण जाणे. मिररमध्ये दोघी बसतात. एक सुकाणू धरते, दुसरी पुढचं शीड सांभाळते, आणि बोलल्याशिवाय होडी वळत नाही. सध्या आमच्या घरात बोलणं बरंचसं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं.

मिरर ठरली आहे. सोसायटीकडे अर्ज दिलाय. होडी वाहनात धरायची की सामानात, असं सेक्रेटरींनी लेखी विचारलंय.