पहिला डोस कुणी घ्यायचा?



१० जानेवारी १८९७ रोजी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची नवी लस स्वतःला टोचून घेतली. मुंबईत प्लेग जाहीर होऊन साडेतीन महिने झाले होते, लोक शहर सोडून पळत होते. हाफकिन मूळचा ओडेसाचा. त्याने काचेच्या चंबूत मांसरस घेतला, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले आणि त्यांच्या खालच्या बाजूने प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढू दिले. मग तापवून ते मारले. लस तयार झाली, पण माणसाला ती सोसेल का, हे प्राण्यांवरून पुरतं कळत नाही. म्हणून त्याने स्वतः १० घन सेंटीमीटरची भलीमोठी मात्रा घेतली. सणसणून ताप आला आणि उतरला. त्याआधी १८९२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याच्या लशीच्या वेळीही त्याने असंच केलं होतं.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. ज्यांच्या अंगात टोचणीच्या दिवशीच आजार होता त्यांना वगळून पुढचे दिवस मोजले, तेव्हा न टोचलेल्यांमध्ये प्लेगचे रोगी कितीतरी जास्त निघाले आणि मरण पावले तेही त्यांच्यातलेच. निरोगी माणसांवर नवं औषध तपासण्याचा आपल्या महाराष्ट्रातला हा फार जुना आणि लख्ख दाखला आहे.

या दाखल्याबद्दल मला आदर आहे आणि त्यातली एक गोष्ट खुपतेही. हाफकिनने जोखीम आधी स्वतःच्या अंगावर घेतली, हे मोठंच. पण गजाआडचा माणूस ‘मला नको’ असं किती मोकळेपणाने म्हणू शकतो? आजच्या भारतीय नियमावलीत कैद्यांना सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या गटात धरतात, ते याचसाठी. त्याच १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरून सक्तीने झडत्या घेतल्या गेल्या, आणि त्याचा संताप २२ जूनला प्लेग अधिकारी रँड याच्यावरच्या गोळीबारापर्यंत गेला. चांगल्या हेतूचं कामसुद्धा माणसाला न विचारता केलं की लोक त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. आणि विश्वास नसेल तिथे कुठलीच लस पोचत नाही.

आता आजचं बघू. नवं औषध आधी प्राण्यांना देतात. त्यांना ज्या मात्रेने अपाय झाला नाही ती माणसाच्या हिशेबात आणून पुन्हा किमान दहाने भागतात, आणि तिथून पहिल्या टप्प्याची सुरुवात होते. या टप्प्यात बहुतेक वेळा रोगी नसतात. धडधाकट, तरुण, स्वतःहून आलेली माणसं असतात, त्यांना व्हॉलंटियर म्हणतात. औषध गुण देतं का, हा प्रश्न इथे मुख्य नसतोच. ते सोसतं का, रक्तात किती चढतं, किती वेळात उतरतं, एवढंच बघायचं असतं. कॅन्सरच्या काही जहाल औषधांची पहिली चाचणी मात्र रोग्यांवरच करतात, कारण ती निरोगी माणसाला देणं अन्यायाचं ठरेल.

मात्रा कमी ठेवली की धोका संपला, असं मात्र नाही. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना टीजीएन १४१२ नावाचं औषध दिलं गेलं. मात्रा माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाची. एकामागोमाग एक, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने त्यांना ते देत गेले. दीड तासाच्या आत सगळे तापाने, वेदनांनी तळमळू लागले आणि पुढे अतिदक्षता विभागात गेले. सहाही जण वाचले, पण एकाच्या पायाची बोटं आणि हाताच्या बोटांची टोकं गेली. पहिल्या तरुणाला डोस दिल्यावर थांबून वाट पाहिली असती, तर बाकीचे पाच सुटले असते. तेव्हापासून आधी एकालाच द्यायचं, थांबायचं, आणि मग पुढच्याला, अशी रीत पक्की झाली.

आपल्या देशातल्या निरोगी व्हॉलंटियरची गाठ बहुतेक वेळा दुसऱ्याच अभ्यासाशी पडते. जुन्याच औषधाची दुसऱ्या कंपनीने काढलेली स्वस्त गोळी मूळ गोळीइतकीच अंगात उतरते का, हे त्यात पाहतात. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या अनेक औषधांसाठी २०१७ पासून हा अभ्यास परवान्याआधीच सक्तीचा झाला. आपल्या टेंभुर्णीच्या मेडिकलमध्ये रक्तदाबाची, साखरेची स्वस्त गोळी आपण बिनधास्त घेतो, तेव्हा आपल्याला ठाऊक नसलेल्या कुणीतरी बऱ्याचदा अशा अभ्यासासाठी रक्त दिलेलं असतं.

तो दिवस कसा जातो, ते सांगतो. आदल्या संध्याकाळी भरती व्हायचं. पिशवी कुलपात जाते, तंबाखूची पुडी बाहेर राहते. रात्री सगळ्यांना एकसारखं जेवण, मग किमान दहा तास उपास. पहाटे हाताच्या शिरेत सुई बसवतात आणि चिकटपट्टीने पक्की करतात. गोळी घड्याळाच्या काट्यावर दिली जाते, एकाला बरोबर आठला, शेजारच्याला आठ वाजून दोन मिनिटांनी. बरोबर मोजून २४० मिलिलिटर पाणी. गिळल्यावर ‘आ’ करायला लावून टॉर्चने जिभेखाली, गालाच्या आत बघतात, कारण एकाने जरी गोळी लपवली तरी सगळा आलेख खोटा पडतो. मग त्या सुईतून पाव तासाने, अर्ध्या तासाने, तासातासाने रक्त घेत राहतात. काही दिवस मध्ये जाऊ देऊन हेच सगळं दुसऱ्या गोळीसाठी पुन्हा. वरवर पाहता हे काम सोपं. पण त्यात माणूस आपला वेळ देतो, आपलं रक्त देतो आणि थोडी का होईना जोखीम उचलतो. त्या गोळीचा त्याला स्वतःला काडीचाही उपयोग नसतो. रोग्याला निदान बरं होण्याची आशा असते, याला तीही नाही. म्हणूनच त्याला सगळं समजलेलं असणं आणि त्याला नाही म्हणता येणं, या दोन गोष्टींवर माझ्या मते हा सगळा डोलारा उभा आहे.

आणि इथेच मला आपल्या भागाची काळजी वाटते. टेंभुर्णी हमरस्त्यावरचं गाव. एका अंगाला उजनीचं पाणी आणि ऊस, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. तरीही शिकलेली पोरं कामासाठी पुण्या-मुंबईच्या गाड्या पकडतात, आणि ओळखीचं कुणीतरी सांगतं, ‘दोन रात्री राहायचं, जेवण फुकट, पैसे रोख.’ मागे असाच एक मुलगा माझ्याकडे संमतीपत्र घेऊन आला होता. चांगली जाडजूड चळत होती. औषध कशाचं आहे, म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘डॉक्टर, ते नाही सांगितलं. रक्त काढतात एवढं माहीत आहे.’ संमतीपत्र मराठीत होतं, आणि औषधाचं नाव दुसऱ्याच पानावर छापलेलं होतं. ते त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. आम्ही दोघांनी तासभर बसून ते वाचलं. पैशाची गरज असणं हा गुन्हा नाही, आणि त्या मुलाला मी जाऊ नको असं म्हटलं नाही. पण गरजेपोटी माणूस तीन महिन्यांचं अंतर न पाळता एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जातो, आधीचं औषध अंगात असताना खोटं सांगतो, तेव्हा धोका त्याला स्वतःलाच असतो.

तेव्हा कायदा काय म्हणतो, ते ऐका. ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम, २०१९’ हे आज लागू आहेत. त्यांच्यानुसार एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय चाचणी सुरू करता येत नाही, आणि त्या कमिटीत डॉक्टरांखेरीज समाजातला एक साधा माणूसही असावा लागतो. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदार हवा. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार फुकट आणि वर भरपाई. त्या भरपाईचं सूत्र ८ लाखांच्या पायावर उभं आहे. त्यात वय आणि जोखीम धरतात, आणि निरोगी माणसासाठी त्यातला सगळ्यात मोठा गुणक, म्हणजे ४, लावतात. चाचणीमुळेच निरोगी माणसाचा मृत्यू ओढवला तर या सूत्राने रक्कम ३२ लाखांच्या खाली येत नाही. २००९ पासून देशातली क्लिनिकल चाचणी सरकारी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, आधी नोंदवावी लागते, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. मध्येच सोडून जायचं असेल तर कारण न देता जाता येतं, आणि तोवर दिलेल्या वेळेचे पैसे हिशेबाने मिळायला हवेत.

या सगळ्याची चांगली बाजू मी डोळ्यांआड करत नाही. जुलै २०२० मध्ये कोव्हॅक्सिन या कोरोनावरच्या लशीच्या चाचणीचा पहिला टप्पा देशातल्या अकरा रुग्णालयांत सुरू झाला, त्यातलं एक आपल्या नागपुरात होतं. या लशीसाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा काढून दिला होता. ३७५ निरोगी माणसांनी त्या टप्प्यात लस किंवा तुलनेसाठीचं इंजेक्शन घेतलं. आपल्याला कुठलं मिळालं, हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. बाहेर रस्ते ओस पडलेले, औषध कुणाकडे नाही, आणि हे लोक स्वतःहून पुढे आले. त्यांचे पुतळे नाहीत, फोटो नाहीत. त्यांची नावं गुप्त ठेवणं हाही नियमाचाच भाग आहे. पुढे आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात आपण दंड पुढे केला, तेव्हा त्या लशीला ज्यांनी आधी दंड दिला होता ते हे लोक.

म्हणून आपल्या घरातलं कुणी अशा चाचणीला निघालं, तर त्याला अडवू नका आणि डोळे झाकून पाठवूही नका. संमतीपत्र एक दिवस घरी आणायला सांगा आणि जेवणानंतर सगळ्यांनी बसून मोठ्याने वाचा. औषधाचं नाव, नोंदणीचा क्रमांक आणि एथिक्स कमिटीचा फोन त्यावर आहे का, ते बघा. क्रमांक टाकून सीटीआरआयवर चाचणी सापडते का ते मोबाइलवर तपासा, आणि कमिटीच्या नंबरवर आधीच एक फोन लावून बघा. स्वस्त गोळीच्या अभ्यासाची नोंद तिथे सापडली नाही तरी परवानगीचा कागद मागा. आधी किती दिवसांपूर्वी कुठली चाचणी केली, हे तिथल्या डॉक्टरांना खरंखरं सांगायला सांगा. सही केल्यावर एक प्रत आपल्या हातात मिळालीच पाहिजे. मागूनही ती दिली नाही, तर पैसे कितीही सांगितलेले असोत, पिशवी उचलून परत यायला सांगा. पुण्याहून सोलापूरकडे एसट्या रात्रभर चालू असतात.