लॅपटॉपसाठी हेडफोन घेताय? आधी डोक्याला विचारा

हा भाग हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज दोन टप्पे खाली घ्या. का, ते ओघात येईलच.

"दादा, लॅपटॉपसाठी दोन-अडीच हजारांत चांगला हेडफोन सांग ना." हा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी कॉलेजच्या ज्युनिअरचा, कधी नुकत्याच नोकरीला लागलेल्या मावसभावाचा, कधी सोसायटीतल्या एमपीएससी करणाऱ्या ताईचा. प्रत्येकाला हवं असतं एक नाव, म्हणजे कंपनी आणि मॉडेल. मी उलट तीन प्रश्न विचारतो. तुझं डोकं कसं आहे? तुझी खोली कशी आहे? तुझा लॅपटॉप कसा आहे? आणि मग चौथा, की तुला आवाज कसा आवडतो? आज हेच चार प्रश्न घेऊ, याच क्रमाने.

आवाज चौथ्या नंबरवर कसा काय, असं वाटेल. तर बघा, फोनवर आपण बसमध्ये अर्धा तास ऐकतो, जिममध्ये तासभर. लॅपटॉपसमोरची बैठक मोठी असते. सकाळचा स्टँडअप, मग काम, मग मीटिंगा, रात्री एखादा कोर्स नाहीतर सिरीज. सात-आठ तास सहज होतात. इतका वेळ अंगावर राहणारी वस्तू चपलेसारखी निवडायची. दुकानात कितीही झकास दिसली तरी चावणारी चप्पल चार दिवसांत कोपऱ्यात जाते. दुसरं म्हणजे, आवाजात थोडंफार कमी-जास्त असेल तर ते सॉफ्टवेअरमधल्या इक्वलायझरने नीट करता येतं. कानशिलावरचा दाब कमी करणारं ॲप अजून निघालेलं नाही.

तर पहिला प्रश्न, डोकं.

हेडफोनच्या दोन मुख्य जाती. ऑन-इअर म्हणजे गादी कानावर टेकते. ओव्हर-इअर म्हणजे गादी कानाभोवती बसते आणि कान आत मोकळा राहतो. तासन्‌तास वापरायचं असेल तर ओव्हर-इअरच बघा. पण नुसतं बॉक्सवर ओव्हर-इअर लिहिलंय म्हणून घेऊ नका. स्वस्तातल्या बऱ्याच हेडफोनचे कप इतके लहान असतात की कानाची पाळी गादीखाली चेमटते. कप लंबगोल आणि खोल हवा, कानाचा कुठलाच भाग आत कशाला टेकता कामा नये.

मग वजन. हा आकडा बॉक्सवर किंवा कंपनीच्या साइटवर असतो, पण कोणी बघत नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ २५४ ग्रॅमचा आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स केबल सोडून २८५ ग्रॅम. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास. पाव किलो ठीक, त्याच्या बराच पुढे गेलात तर संध्याकाळी मान सांगेल. वजनाइतकाच महत्त्वाचा असतो चिमटा, म्हणजे दोन्ही कप डोकं किती जोरात दाबतात ते. सैल असेल तर मान खाली घातली की हेडफोन कीबोर्डवर. घट्ट असेल तर तासाभरात कानशिलं ठणकतात.

चष्मा असेल तर हे दुप्पट लागू. चष्म्याची काडी गादी आणि डोकं यांच्यामध्ये अडकते. एकतर ती कानामागे रुतते आणि दुसरं म्हणजे तिथे फट पडते. फटीतून बास निसटतो. त्यामुळे चष्मेवाल्याला तोच हेडफोन मित्रापेक्षा पोकळ ऐकू येऊ शकतो. उपाय एकच, जाड आणि मऊ गादी. आणि ट्रायल घेताना चष्मा घालूनच घ्यायची.

गादीचं कापडही बघा. कृत्रिम लेदरची गादी बाहेरचा आवाज छान अडवते, पण एप्रिल-मेमध्ये तिच्याखाली घामाची धार लागते आणि वर्ष-दीड वर्षात काळे पापुद्रे गळायला लागतात. मखमली किंवा जाळीदार कापड थंड राहतं, पण आवाज थोडा आत-बाहेर करतं. काहीही घ्या, फक्त गादी बदलता येते का, वेगळी विकत मिळते का, हे आधी बघून ठेवा. ज्याची गादी बदलता येते तो हेडफोन गादी फाटली म्हणून टाकून द्यावा लागत नाही.

दुसरा प्रश्न, खोली. इथे जरा लक्ष द्या, कारण इथे पैशांपेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलेलं असतं.

ओपन-बॅक हेडफोनच्या कपाला मागून जाळी असते. आवाज मोकळा, हवेशीर लागतो, कान कमी तापतात. पण तुमचं गाणं शेजारच्याला ऐकू येतं आणि घरातला मिक्सर तुम्हाला. स्वतंत्र शांत खोली असेल तर ओपन-बॅकसारखं सुख नाही. पण आपल्यापैकी किती जणांकडे तशी खोली आहे? वन बीएचकेमध्ये हॉलच्या कोपऱ्यात टेबल, मागे टीव्ही, आत कुकरच्या शिट्ट्या. किंवा पीजीत तिघं एका खोलीत. अशा ठिकाणी क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपाचाच हवा.

नॉइज कॅन्सलिंग म्हणजे एएनसी घ्यावं का? एएनसी बाहेरचा आवाज माइकने टिपतं आणि त्याच्या बरोबर उलटी लहर वाजवतं, दोन्ही एकमेकांना खोडतात. हे जमतं ते खालच्या, सलग आवाजांना. पंखा, एसी, बसचं इंजिन. माणसांचं बोलणं, भांड्यांचा खणखणाट, कुकरची शिट्टी यांच्यावर ते तितकं चालत नाही, तिथे गादीच कामाला येते. त्यामुळे गळक्या गादीचा एएनसीवाला घेण्यापेक्षा त्याच पैशात नीट बसणारा साधा हेडफोन बरा.

आता पणाला काय लागलंय ते. माझा एक जुना रूममेट. आमच्या खिडकीखाली रहदारीचा रस्ता. त्याचा हेडफोन ऑन-इअर, बाहेरचं सगळं आत येणारा. मग हॉर्नच्या वर गाणं न्यायला तो आवाज चढवायचा. रोज, पूर्ण शिफ्ट. वर्षभराने रात्री खोली शांत झाली की त्याच्या कानात बारीक शिटी वाजायला लागली. ईएनटी डॉक्टरांनी ऑडिओमेट्री केली, तर आलेखात ४ हजार हर्ट्झपाशी खळगा. मोठ्या आवाजाने कान दुखावला की खळगा बहुतेकदा तिथेच कुठेतरी पडतो. शिटी अजून आहे. तो आता डिसेंबरातही पंखा लावून झोपतो. गार वाऱ्यासाठी नाही, शिटी झाकायला.

आपल्या आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. माणसात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी मर्यादा घातली आहे. ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. आता गणित करू. दर ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे सुरक्षित वेळ निम्मा. ८३ ला २० तास. ८६ ला १० तास. ८९ ला आठवड्याला फक्त ५ तास. आपली नोकरीच रोज नऊ तास धरली तर आठवड्याला ४५ तासांची आहे! म्हणजे दिवसभर हेडफोन लावणाऱ्याने ८० च्याही खालीच राहायला हवं. आणि खाली राहणं कोणाला जमतं? ज्याचा हेडफोन बाहेरचा गोंगाट नीट अडवतो त्याला. गादी आणि खोली यांची जोडी जमली की आवाज वाढवायची गरजच पडत नाही. कम्फर्ट हा शब्द आपण चैनीसारखा वापरतो, पण नीट बसलेला हेडफोन कान वाचवतो.

तिसरा प्रश्न, लॅपटॉप.

सगळ्यात जास्त तक्रार ही येते की "नवा ब्लूटूथ हेडफोन गाण्यांना मस्त आहे, पण मीटिंग सुरू झाली की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो." हेडफोन बिघडलेला नाही. ब्लूटूथचे दोन वेगळे मार्ग आहेत. एक फक्त ऐकण्याचा, स्टिरिओ, चांगल्या दर्जाचा. दुसरा ऐकण्या-बोलण्याचा, फोन कॉलसाठी बनवलेला. माइक चालू झाला की लॅपटॉप दुसऱ्या मार्गावर उडी मारतो. तिथे सॅम्पलिंग ८ किंवा १६ किलोहर्ट्झ, आणि सीडीच्या दर्जाचं गाणं असतं ४४.१ वर. त्यात भर म्हणजे स्टिरिओ जाऊन मोनो होतं. मग डबा वाजणारच.

उपाय फुकट आहे. मीटिंगच्या ॲपमध्ये ऑडिओ सेटिंग उघडा. स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. हेडफोन ऐकण्याच्या मार्गावरच राहतो. एलई ऑडिओ नावाचं नवं तंत्र ही अडचण मुळातून सोडवायला आलंय, पण ते हेडफोन आणि लॅपटॉप दोघांत असावं लागतं.

दिवसातून तीन-चार मीटिंगा असतील तर माझं मत साधं आहे, वायरवाला घ्या. चार्जिंग नको, पेअरिंग नको, आवाज मागे-पुढे होणं नको. फक्त जॅक बघा. माइकवाल्या जॅकवर तीन काळ्या पट्ट्या असतात, नुसत्या ऐकण्याच्या जॅकवर दोन. लॅपटॉपला एकच भोक असेल तर बहुतेक वेळा ते तीन पट्ट्यांचं चालवून घेतं. जुन्या लॅपटॉपला दोन भोकं असतील तर स्प्लिटर लागेल. जॅकच नसेल किंवा त्यातून खरखर येत असेल तर एक लहान यूएसबी साउंड ॲडॉप्टर पुरतो.

आणि बॉक्सवर ओहम लिहिलेलं असतं ते वाचा. १६ ते ३२ ओहमचे हेडफोन सहसा लॅपटॉपवर आरामात वाजतात. सेनहायझरचा एचडी ६०० खूप नावाजलेला आहे, पण तो ३०० ओहमचा. लॅपटॉपच्या साध्या जॅकवर दबका वाजण्याची शक्यता जास्त, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. शिवाय तो ओपन-बॅक, म्हणजे आपला हॉलचा कोपरा बाद.

आता चौथा प्रश्न, आवाज.

"५० एमएमचा ड्रायव्हर", "२० ते २०,००० हर्ट्झ" असले आकडे बॉक्सवर मोठे असतात. त्यावरून आवाज कसा आहे ते कळत नाही. भिंगाच्या आकारावरून फोटो चांगला येईल की नाही ते सांगता येत नाही, तसंच. किमतीवर तरी जावं का? २०१७ मध्ये जेरून ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन मोजून बघितले. कोणती पट्टी किती जोरात वाजते, म्हणजे ज्याला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात तो, आणि किंमत यांचा काही संबंध सापडला नाही. महाग हेडफोनमध्ये बांधणी, एएनसी, नाव यांचे पैसे असू शकतात. चांगल्या आवाजाची खात्री मात्र त्यात नाही.

मग ओळखायचं कसं? आपल्याला पाठ असलेली गाणी लावून. तबला असलेलं एखादं गाणं घ्या. डग्ग्याचा घुमारा ऐकू यायला हवा, पण त्याने गाणाऱ्याचा आवाज गिळता कामा नये. मग 'सैराट'मधलं एखादं गाणं. त्याचं वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन केलंय. त्यातली व्हायोलिनं वेगवेगळी कळतात की सगळ्यांचा एकच गोळा होतो, ते बघा. शेवटी कोणाचं तरी नुसतं बोलणं ऐका. 'स' आणि 'श' कानाला टोचत असतील तर मीटिंगांनी डोकं उठेल. दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो जरा मोठा वाजतो तो आपल्याला उगाच चांगला वाटतो, आणि दुकानदाराला ते माहीत असतं.

थोडा बास जास्त किंवा कमी वाटला तर लगेच नापास करू नका. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं, त्यात दोन पट्ट्या खाली-वर केल्या की काम होतं.

शेवटचं. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत किती दिवस आहे ते आधी वाचा. आल्या दिवशीच सलग दोन तास घालून काम करा. चष्मा घालून, पंखा चालू, घरात नेहमीचा गोंगाट असताना. दोन तासांत एकदाही कान चोळावासा वाटला नाही आणि आवाज वाढवायला हात गेला नाही, तर तो हेडफोन तुमचा. हात गेला तर पॅक करा आणि परत पाठवा, रिव्ह्यूमध्ये किती का स्टार असेनात.

तुमच्या डोक्याला कोणता हेडफोन बसला आणि कोणता चावला, ते मला नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात. आवाज खाली घेतला होतात ना? तसाच राहू द्या.