अक्षर आधी बोटांना, मग पेन्सिलीला
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपली मुले लवकर शिकावीत ही तळमळ जुन्नर-आंबेगावच्या घराघरांत दिसते, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्या तळमळीपोटी तीन वर्षांच्या बालकाकडून वहीची पाने भरून घेतली जातात. न जमल्यास त्यास 'ढ' ठरविले जाते. तिसरी-चौथीत पुस्तकास भिणारी जी मुले आम्ही पाहिली, त्यांतील बहुतेकांची बुद्धी मंद नव्हती. अक्षरांची धास्ती तेवढी लहानपणीच मनात बसली होती.

यावरील उपाय नवा नाही. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह उघडले व पुढे काचकागदाची अक्षरे मुलांस बोटांनी गिरवावयास दिली. ही दृष्टी ताराबाई मोडक यांनी आपल्या खेड्यांत आणली. १९४५ साली बोर्डी येथे, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी बालकांस शिंपले, बिया, पाने व माती यांच्याच साहाय्याने शिकविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या वयात खेळासच महत्त्व दिले आहे.

आपल्याकडे साधनांस तोटा नाही. ताटात बारीक वाळू पसरून बोटाने अक्षर काढू द्यावे. पूर्वजांची धूळपाटी ती हीच. अंगणात खडूने मोठा 'ग' काढावा आणि मुलाने त्यावर हिरडे अथवा चिंचोके मांडावेत. मात्र लहान मुले चिंचोके नाकातोंडात घालतात, म्हणून वडील माणसाने जवळ बसावे. बशी, बटण, बटाटा यांत इतर वस्तू मिसळून 'ब' च्या वस्तू निवडावयास सांगाव्यात. बोट वळण शिकते, कान ध्वनी ओळखतो, मग डोळ्यास अक्षर परके वाटत नाही.

आरंभी सबंध मुळाक्षरांचा क्रमही नको. ग, म, भ, न ही चारच अक्षरे पुठ्ठ्यावर कापून द्यावीत. त्यांतून 'मन', 'नभ', 'मग', 'गमन' असे शब्द मूल स्वतः जुळविते. आपण वाचले, हा त्या वेळचा त्याचा आनंद शंभर पाने गिरवूनही मिळत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच : प्रत्येक घरी रोज पंधरा मिनिटे हा खेळ व्हावा, आणि आपल्या महिला मंडळाने वस्तीवस्तीसाठी पुठ्ठ्याच्या अक्षरांचा एकेक संच तयार करावा. नाणेघाटातील ब्राह्मी अक्षरे दोन हजार वर्षांपूर्वी हातांनीच कोरली गेली. त्याच तालुक्यातील बालकांच्या हातांवर आपण विश्वास ठेवू या.